हकालपट्टी, उचलबांगडी, गच्छंती, नारळ : नेमकं कोणाला काय?

टिपणवही

पदावरून माणूस काढला की आपल्या पेपरवाल्यांच्या अंगात येतं. एकाच पानावर एका जिल्हाध्यक्षाची उचलबांगडी, एका सचिवाची गच्छंती, दोन बंडखोरांची हकालपट्टी आणि खाली क्रीडापानावर प्रशिक्षकाला नारळ. मथळा किती रुंद आहे ते बघून शब्द उचलतात की काय, अशी शंका येते.

माझं म्हणणं एवढंच की हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ढकलणारा हात प्रत्येकात वेगळ्या ठिकाणी असतो.

उचलबांगडी म्हणजे हातपाय धरून चौघांनी उचलून नेणं. उचलल्या जाणाऱ्याला कोणी विचारलेलं नसतं, पण तो कुठेतरी नेऊन ठेवला जातो. म्हणून हा शब्द बदलीला शोभतो, नोकरीच गेली असेल तर नाही. हकालपट्टीत हाकलणं आहे. पुढे कुठे जायचं ते ज्याचं त्याने बघावं, आपण फाटक लावून घ्यायचं. पक्षातून होते ती हकालपट्टी.

गच्छंती माझी सगळ्यात लाडकी. संस्कृतात 'गच्छन्ति' म्हणजे 'ते जातात'. त्या अख्ख्या क्रियापदाचं आपण स्त्रीलिंगी नाम करून टाकलं आणि बहुवचनही विसरलो, कारण एकट्या माणसाचीही गच्छंतीच होते. यात ढकलणारा दिसत नाही. कोणी काढलं ते छापायची हिंमत नसली की बातमीदार गच्छंती लिहितो.

पायउतार होणं मानाचं. घोड्यावरून, पालखीतून खाली उतरून पायी चालू लागणं. निदान आधी तो वर बसला होता हे तरी त्यात मान्य केलेलं असतं.

सरकारी, पोलिसी आणि गावाकडच्या शब्दांची भर घाला. पुस्तकी यादी नको, वापरातलं सांगा.

झणझणीत_रस्सा

+१. अर्धचंद्र राहिला की! हाताचा पंजा अर्ध्या चंद्रासारखा करायचा, समोरच्याच्या मानगुटीला लावायचा आणि दाराबाहेर काढायचं. संस्कृत गोष्टींमध्येही आगंतुकाला अर्धचंद्र देतात. गचांडी ही त्याची गावरान बहीण. हल्ली 'त्याला अर्धचंद्र दिला' म्हटलं तर ऑफिसातल्या पोरांना वाटतं, काहीतरी बक्षीस मिळालं.

डच्चू मात्र फक्त संघातून मिळतो. मंत्रिमंडळातून डच्चू मिळाला असं लिहितात तेव्हा मंत्रिमंडळ हा अकरा जणांचा संघ आहे आणि हा बारावा, असं धरलेलं असतं.

कायमचा_कारकून

टिपणवही, सरकारी बाजू मी सांगतो, कारण इथे शब्द चुकला तर माणूस न्यायाधिकरणात जिंकतो.

महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ बघा. त्यात जबर शिक्षांमध्ये 'सेवेतून काढून टाकणे' आणि 'बडतर्फ करणे' या दोन वेगवेगळ्या शिक्षा आहेत. पेपरात दोन्हीला बडतर्फी म्हणतात. फरक असा की काढून टाकलेल्या माणसाला पुढे पुन्हा सरकारी नोकरी मिळायला आडकाठी नसते, बडतर्फ झालेल्याला सर्वसाधारणपणे ते दार बंद. यादीत त्यांच्या आधी येते ती सक्तीची सेवानिवृत्ती.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११ प्रमाणे नेमणूक करणाऱ्याहून खालच्या दर्जाचा अधिकारी कोणाला बडतर्फ करू शकत नाही, काढूनही टाकू शकत नाही. चौकशी न करता करायचं असेल तर त्यासाठीचे अपवाद मोजकेच आहेत. म्हणजे मंत्री मंचावरून 'आत्ता याला बडतर्फ करतो' असं गरजतात, टाळ्या पडतात आणि दुसऱ्या दिवशी निघतो तो निलंबनाचा आदेश.

बडतर्फ मूळ फारसी 'बर-तरफ', म्हणजे बाजूला. बरखास्तही तिकडचाच, 'उठलेला'. पूर्वी दरबार बरखास्त व्हायचा म्हणजे लोक उठून घरी जायचे, कोणाचं काही बिघडायचं नाही. आता विधानसभा, संचालक मंडळ, समिती बरखास्त होते. एकट्या माणसाला बरखास्त लिहिलेलं वाचलं की मला ते खटकतं. तो काय सभा आहे?

सोनचाफा

कारकूनकाका, निलंबित म्हणजे घरी बसून पगार ना? आमच्याकडे सगळे असंच म्हणतात.

कायमचा_कारकून

ताई, पगार नाही, निर्वाह भत्ता. सुरुवातीला अर्धपगारी रजेच्या वेतनाइतका. तीन महिने उलटले आणि उशीर त्याच्यामुळे झालेला नसेल तर वाढवता येतो, त्याच्यामुळे झाला असेल तर कमीही होतो. शिवाय दुसरीकडे कुठे नोकरीधंदा करत नाही असं प्रमाणपत्र द्यावं लागतं. आणि घरी बसूनही नाही, कारण आदेशातच शेवटी एक ओळ असते की निलंबन काळात यांचं मुख्यालय अमुक राहील व सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ते सोडता येणार नाही. ते अमुक बहुतेक वेळा तालुक्याचं असं गाव असतं जिथे भाड्याने खोलीही मिळत नाही.

कागदावर निलंबन ही शिक्षाच नाही. चौकशी होईपर्यंत बाजूला ठेवणं. अठ्ठेचाळीस तासांहून जास्त काळ अटकेत राहिला की माणूस आपोआप निलंबित धरला जातो, त्याला मानीव निलंबन म्हणतात.

टिपणवही

'मानीव' हे झकास आहे! आणि बदलीचं काय? ऑफिसात तोंडी काय म्हणतात?

कायमचा_कारकून

तोंडी 'उचलला', 'फेकला', 'साइडला टाकला'. पोलिसांत 'कंट्रोलला जमा'. ठाणेदाराला नियंत्रण कक्षाशी संलग्न केलं की त्याची गाडी जाते, वायरलेसवरचं त्याचं नाव जातं, आणि काल दारात उभे असलेले लोक आज फोन उचलत नाहीत. कागदावर मात्र पद तेच, पगार तोच. पेपरातल्या उचलबांगडीचा खरा अर्थ हा.

आदेशात भाषा बघा. 'विनंतीवरून', 'प्रशासकीय कारणास्तव', 'जनहितार्थ'. पहिल्यात त्याला हवी होती, दुसऱ्यात साहेबाला हवी होती, तिसऱ्यात कोणाला हवी होती ते विचारायचं नाही. सगळ्यात कडक ओळ म्हणजे 'या आदेशान्वये एकतर्फी कार्यमुक्त करण्यात येत आहे'. म्हणजे तुम्ही कार्यभार द्या न द्या, रजेवर असा, दवाखान्यात असा, तुम्ही मोकळे झालात. कार्यमुक्त! मुक्ती इतक्या स्वस्तात कुठे मिळत नाही.

वैनगंगाकाठ

विषय निघालाच आहे तर बोलतो. 'गडचिरोलीला टाकीन' ही धमकी अख्ख्या महाराष्ट्रात चालते. साहेब चिडला की म्हणतो, सिनेमातला मंत्री म्हणतो, विनोदी कार्यक्रमात तर त्यावर हमखास हशा. आम्ही इथेच राहतो हो. १९८२ साली चंद्रपूरातून जिल्हा वेगळा झाला तेव्हापासून आम्ही लोकांची शिक्षा आहोत.

याचा परिणाम काय होतो ते सांगतो. शिक्षा म्हणून आलेला माणूस पहिल्या दिवसापासून परतीच्या खटपटीला लागतो. इथे एकस्तर वेतनश्रेणी, म्हणजे एक पायरी वरचा पगार मिळतो तो घेतो, मुलं नागपुरात ठेवतो आणि शुक्रवारी दुपारी बस पकडतो. रिक्त पदांची यादी लांबतच जाते. उचलबांगडी जिथून झाली तिथे बातमी होते. जिथे तो माणूस आणून टाकला तिथल्या लोकांना काय वाटलं, हे कोणत्याही पेपराने विचारलेलं मी वाचलं नाही.

झणझणीत_रस्सा

@वैनगंगाकाठ, खरं आहे. हा मुद्दा डोक्यातच आला नव्हता.

हद्दीतला

पोलिसी शब्दांत तडीपार राहिला. तड म्हणजे काठ, कड. नदीच्या पलीकडे नेऊन सोडला तो तडीपार. काम तडीस नेतो त्यातली तड हीच. कागदावर मात्र 'हद्दपार' असतं.

कायदा १९५१ चा, आधी मुंबई पोलीस अधिनियम म्हणायचे, आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम. कलम ५५ टोळ्यांसाठी, ५६ ज्याच्यापासून धोका आहे अशासाठी, ५७ आधी शिक्षा झालेल्यांसाठी. जास्तीत जास्त दोन वर्षं. आदेशाविरुद्ध तीस दिवसांत सरकारकडे अपील. परवानगीशिवाय परत दिसला तर कलम १४२ खाली वेगळा गुन्हा. 'तडीपार गुंड कोयत्यासह जेरबंद' या बातमीत कोयता दुय्यम, त्या गल्लीत तो सापडला हाच मूळ गुन्हा.

गंमत अशी की ५६ साठी शिक्षा झालेली असायलाच हवी असं नाही. साक्षीदार भीतीपोटी पुढे येत नाहीत, हे अधिकाऱ्याचं मत त्यात महत्त्वाचं. म्हणून निवडणूक किंवा गणपती जवळ आले की प्रस्तावांचा गठ्ठा वाढतो, आणि म्हणूनच कोर्टात बरेच आदेश टिकत नाहीत. गुन्हे एका ठाण्याच्या हद्दीतले आणि हद्दपारी तीन जिल्ह्यांतून, असं का, हे कोर्ट विचारतं आणि उत्तर फाइलमध्ये नसतं.

आणि वैनगंगाकाठ म्हणतात तेच इथेही. आमचा तडीपार शेजारच्या जिल्ह्याचा पाहुणा होतो.

बडोदेकर_आजोबा

राजेरजवाड्यांना कोणी विसरू नका. तिथे दोन शब्द काटेकोर होते. माणूस पदच्युत व्हायचा आणि संस्थान खालसा व्हायचं.

साताऱ्यात दोन्ही पाहायला मिळतं. १८३९ साली इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवलं. आरोप कबूल करून सही करा, गादी राहील, असं सांगितलं होतं. महाराजांनी सही केली नाही. गादीवर धाकटे भाऊ शहाजी उर्फ आप्पासाहेब बसले. म्हणजे माणूस गेला, गादी राहिली. रंगो बापूजी गुप्ते महाराजांचा दावा घेऊन लंडनला गेले आणि तिथे वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले. महाराज १८४७ साली काशीतच वारले. पुढे १८४८ साली आप्पासाहेबही वारले तेव्हा डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्यच खालसा केलं. आता गादीच गेली.

आमच्या बडोद्यात मल्हारराव गायकवाड. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचा आरोप. चौकशीला सहा जण नेमले, तीन इंग्रज आणि तीन हिंदी. त्यांत जयाजीराव शिंदे होते, जयपूरचे महाराज होते, सर दिनकरराव होते. निकाल तीनास तीन. विषाचा आरोप सिद्ध होईना. तरीही एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना काढलंच, फक्त कारण बदललं. विषप्रयोग बाजूला ठेवून गैरकारभार असं लिहिलं आणि मद्रासला रवाना केलं. तिथेच १८८२ साली ते गेले.

संस्थान मात्र खालसा केलं नाही. १८५७ नंतर इंग्रज त्या बाबतीत शहाणे झाले होते. मल्हाररावांच्या वहिनी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक मुलगा दत्तक घेतला, तेच सयाजीराव. आमच्या घरात जुनी मंडळी 'मल्हाररावांना गादीवरून उतरवलं' असंच म्हणायची. पदच्युत हा शाळेच्या पुस्तकातला शब्द.

टिपणवही

आजोबा, 'फक्त कारण बदललं' हे वाक्य आजच्या कितीतरी फाइलींना लागू आहे. आधी काढायचं ठरतं, मग नियम शोधतात.

यावरून राजीनामा आठवला. राजी-नामा, म्हणजे मुळात संमतीचा कागद. जुन्या मराठीत दोन पक्षांची तडजोड झाली की राजीनामा लिहून देत. आता आपण सहज म्हणतो 'श्रेष्ठींनी त्यांचा राजीनामा घेतला'. दुसऱ्याची संमती परस्पर घ्यायची सोय भाषेनेच करून दिली! महाराष्ट्रातले किती मुख्यमंत्री 'पायउतार झाले' आणि त्यातले किती जण स्वतःच्या पायांनी उतरले, हे ज्याने त्याने आठवावं. त्यामानाने फेब्रुवारी १९८० मध्ये शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार गेलं ती गोष्ट शब्दाला धरून. केंद्राने बरखास्त केलं, राष्ट्रपती राजवट आली, आणि कोणीही पायउतार वगैरे म्हटलं नाही.

कायद्याचं_बोला

दुरुस्ती नव्हे, भर. 'न्यायमूर्तींवर महाभियोग' हे सर्रास लिहितात. घटनेत महाभियोग आहे तो राष्ट्रपतींसाठी, अनुच्छेद ६१. न्यायाधीशांसाठी १२४(४), तिथे पदावरून दूर करण्याची भाषा आहे. १९९३ साली न्या. व्ही. रामस्वामी यांच्याविरुद्धचा प्रस्ताव लोकसभेत पडला, कारण सत्ताधारी काँग्रेसने मतदानच केलं नाही. २०११ साली न्या. सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा राज्यसभेत मंजूर झाला, लोकसभेत येण्याआधी त्यांनी राजीनामा दिला. महाभियोग शब्द भारदस्त आहे म्हणून चालतो, एवढंच. राज्यपालांच्या वाट्याला एवढाही भारदस्त शब्द नाही. राष्ट्रपतींची मर्जी संपली की संपलं.

रत्नांग्री

बडोदेकर आजोबांनी काशी आणि मद्रास सांगितलं. काढलेला राजा दूर नेऊन ठेवायचा, हा इंग्रजांचा खाक्या, आणि त्यासाठी आमची रत्नागिरी त्यांना फार आवडायची. ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८५ साली गादीवरून गेला, १८८६ मध्ये त्याला इथे आणलं. खाडीकडे तोंड करून असलेला थिबा पॅलेस १९१० साली तयार झाला आणि १९१६ साली राजा इथेच वारला. त्याची समाधीही इथेच.

आणि ब्रह्मदेशचा राजा रत्नागिरीत असतानाच रत्नागिरीत जन्मलेले टिळक १९०८ साली मंडालेला! देवाणघेवाणच झाली म्हणा. पुढे सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत इथेच स्थानबद्ध.

स्थानबद्ध हा शब्द यादीत हवा. हद्दपारात इथून जा, स्थानबद्धात इथून हलू नको. उद्देश एकच, माणसाला त्याच्या माणसांपासून तोडायचं. १८९७ साली पुण्याच्या नातू बंधूंना खटला न चालवता १८२७ च्या २५ व्या रेग्युलेशनखाली डांबलं, तेव्हा पेपरांतून केवढा गदारोळ झाला होता.

बांधावरून

गावाकडचं मी सांगतो. आमच्याकडे सरपंच 'खाली ओढतात'. बाकी शब्द मुंबईचे.

रीत अशी. सदस्यांनी तहसीलदाराकडे अविश्वासाची नोटीस द्यायची, तहसीलदाराने सात दिवसांत विशेष सभा लावायची. ते सात दिवस बघण्यासारखे. सदस्य 'सहलीला' जातात. बायको विचारते कुठे, तर सहलीला. फोन बंद. थेट सभेच्या दिवशी एकाच गाडीतून सगळे उतरतात, उन्हाने रापलेले, गळ्यात देवाचे गंडे. कुठे गेले होते ते गंड्यावरून कळतं.

थेट जनतेतून सरपंच २०१७ ला आला, २०२० ला गेला, २०२२ ला परत आला. थेट निवडलेल्याला सदस्यांनी तीन चतुर्थांशाने खाली ओढला तरी भागत नाही, ग्रामसभेत गुप्त मतदानाने तो ठराव पक्का व्हावा लागतो. मला हे बरं वाटतं. ज्यांनी बसवला त्यांनीच उठवावा. पण आता सहलीचा खर्च वाया जातो म्हणून काही जणांनी दुसरी वाट धरली आहे. अविश्वास नको, अपात्र करा. सरपंचाच्या चुलत्याचा गोठा गायरानात एक हात पुढे आला आहे का, याची मोजणी मागवायची. अतिक्रमण निघालं की अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडे. अविश्वासात निदान तोंडावर हात वर करावा लागतो.

सोनचाफा

वाळीत टाकणं कोणी लिहिलं नाही अजून. ते पदावरून काढणं नाही आणि गावातूनही नाही. माणूस घरातच असतो. दुकानदार माल देत नाही, लग्नाचं बोलावणं येत नाही, मयताला खांदा द्यायला कोणी येत नाही. जुन्या पुण्यात याला ग्रामण्य म्हणत. मिशनऱ्यांच्या घरी चहा घेतला म्हणून १८९० साली जे माजलं त्यातून रानडे-टिळकही सुटले नाहीत. पण ती मोठी माणसं, तरून गेली. कोकणात आणि जातपंचायतींत आत्ताआत्तापर्यंत साध्या कुटुंबांना गावकीने वाळीत टाकलं. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा आपल्या राज्याचा कायदा २०१६ चा, लागू झाला २०१७ मध्ये. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. अडचण पुराव्याची. बोलत नाही याचा पंचनामा कसा करणार?

शिवसागर

आम्ही कोयनेकडचे. आमच्याकडे 'उठवणं'. गाव उठलं, गाव उठवलं. विस्थापित, प्रकल्पग्रस्त, धरणग्रस्त हे कचेरीचे शब्द, दाखल्यावर लिहायला. आजी कधी प्रकल्पग्रस्त म्हणाली नाही. 'आमी उठल्यावर' अशीच तिची कालगणना होती. उठण्याआधीची लग्नं, उठल्यानंतरची बाळंतपणं.

राज्याने पुनर्वसनाचा कायदा १९७६ साली केला. तोवर आमचं पाणी कधीच भरलं होतं. म्हणून संकलन रजिस्टरात नाव आहे की नाही, कोणत्या खात्यावर किती गुंठे धरले, यावर तिसरी पिढी अजून कलेक्टर कचेरीत बसलेली असते. बडतर्फाला निदान एक आदेश मिळतो, त्यावर तारीख असते, त्याविरुद्ध अपील असतं. आजीकडे होता तो पाणी चढायला लागलं त्या वर्षाचा हिशेब.

कुळांनाही हाच शब्द. कायद्यात बेदखल, बोलण्यात 'जमिनीवरून उठवलं'.

टिपणवही

शिवसागर, यावर पेपरी शब्दांचं काही चालत नाही. आमच्या मथळ्यांत गाव 'स्थलांतरित' होतं, जणू पक्षी आहे.

सोनचाफा

कारकूनकाका, एक विचारायचं राहिलं. ते एकतर्फी कार्यमुक्त केल्यावर माणूस ऐकतो? की जातच नाही असंही होतं?

कायमचा_कारकून

होतं ना. मॅटमध्ये, म्हणजे प्रशासकीय न्यायाधिकरणात जातो. २००५ च्या बदल्यांच्या कायद्याने एका पदावर साधारण तीन वर्षं ठरलेली आहेत. त्याआधी हलवायचं तर कारण लेखी लागतं, आणि ते बऱ्याचदा नसतं. मग स्थगिती मिळते. तोवर नवीन साहेब येऊन रुजू झालेला असतो. जुना स्थगितीचा कागद घेऊन येतो, नवा बदलीचा आदेश घेऊन बसलेला असतो. खुर्ची एक, साहेब दोन. फाइली दोघांकडेही जात नाहीत, सगळे मंत्रालयातून पत्र येण्याची वाट बघतात. खरा साहेब कोण ते अभ्यागताने शिपायाकडून ओळखावं. तो चहाचा पहिला कप कोणापुढे ठेवतो ते बघायचं आणि अर्ज त्याच्याकडे द्यायचा.